लाइनटाइप आणि पॅलेट बसवताना: माझा अनुभव

ऑटोकॅड या संगणकावर ड्रॉइंग काढायच्या प्रोग्राममध्ये मध्यरेषा किंवा हिडन लाइन (आड गेलेल्या कडेची तुटक रेषा) अखंड दिसायला लागली की बहुतेकांचा हात आधी एलटीस्केलकडे, म्हणजे सबंध ड्रॉइंगमधल्या तुटक रेषांचं माप वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या आकड्याकडे जातो. मी तो आकडा शेवटी हलवतो. तुटक रेषेचा तुकडा किती लांब दिसणार हे एका जागी ठरतच नाही. लिन फाइलमधली (लाइनटाइपच्या, म्हणजे रेषेच्या नमुन्यांच्या व्याख्या असलेली फाइल) मूळ मापं, सबंध ड्रॉइंगचा एलटीस्केल आणि त्या एका ऑब्जेक्टचा स्वतःचा लाइनटाइप स्केल, या तिघांचा गुणाकार होतो. त्यावर लेआउटमध्ये (छापायच्या शीटची मांडणी) पीएसएलटीस्केल आणि मॉडेलमध्ये (मूळ ड्रॉइंग काढायची जागा) एमएसएलटीस्केल ही सेटिंग्ज आपापलं काम करतात. यातलं नेमकं काय बिघडलंय ते न बघता एलटीस्केल फिरवला, तर एक रेषा सुधारते आणि बाकीच्या शंभर बिघडतात.

म्हणून सुरुवात मुळापासून. मिलिमीटरमधल्या ड्रॉइंगला अकॅडआयएसओ ही लिन फाइल लागते, इंचांच्या ड्रॉइंगला अकॅड. दोन्हींत लाइनटाइपची नावं सारखीच आहेत, मापांत मात्र २५.४ पटींचा फरक. 'सेंटर' घ्या. इंचांच्या फाइलमध्ये तिचा लांब तुकडा १.२५, मोकळी जागा ०.२५, छोटा तुकडा ०.२५ आणि पुन्हा मोकळी जागा ०.२५, एक आवर्तन २ युनिटचं. मिलिमीटरच्या फाइलमध्ये हेच आवर्तन ५०.८ युनिटचं होतं. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये चुकून इंचांची 'सेंटर' लोड झाली, तर कागदावर २ मिमीचं आवर्तन येतं आणि रेषा चिकटून अखंड दिसते. उलट बाजूलाही तेच: रेषेची लांबी आवर्तनापेक्षा कमी असेल तर प्रोग्राम ती सरळ अखंड काढतो. लक्षण एकच, कारणं एकमेकांच्या विरुद्ध. एलटीस्केल कोणत्या दिशेने फिरवायचा हे नुसतं बघून कळत नाही ते याचमुळे.

दुसऱ्याकडून आलेल्या मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये एलटीस्केल २५.४ दिसला, तर इंचांची फाइल वापरली गेली आहे असं समजावं. मेझरमेंट ही व्हेरिएबल (प्रोग्रामचं एक सेटिंग) १ करावी, मग लाइनटाइप मॅनेजर उघडून अकॅडआयएसओमधून तेच लाइनटाइप पुन्हा लोड करावेत. आधीच लोड आहे, पुन्हा करायचं का, असं विचारलं जातं. तिथे होकार द्यायचा. ड्रॉइंग व्याख्येची स्वतःची प्रत ठेवतं. त्यामुळे नुसती फाइल बदलून जुन्या ड्रॉइंगमध्ये काहीच बदलत नाही. हे झाल्यावर एलटीस्केल १ वर आणायला विसरू नये.

तयार लाइनटाइपचे तुकडे मला लहान कागदासाठी मोठे वाटतात. १:१०० मध्ये ६०० मिमीचा कॉलम कागदावर ६ मिमी. मध्यरेषा दोन्ही बाजूंना ३ मिमी बाहेर काढली तरी १२ मिमी होते, तिच्यात ५०.८ चं आवर्तन मावणार कुठून? 'सेंटर२' साधारण निम्मी आहे, तरी २८.५७५. आयएसओ १२८ या तांत्रिक ड्रॉइंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत तुकड्यांची लांबी रेषेच्या जाडीवरून ठरते: साधा तुकडा जाडीच्या १२ पट, लांब तुकडा २४ पट, मोकळी जागा ३ पट. ०.२५ मिमीच्या रेषेला हे अनुक्रमे ३, ६ आणि ०.७५ मिमी येतं. अकॅडआयएसओमध्ये 'आयएसओ०२डब्ल्यू१००' वगैरे लाइनटाइप आहेत ते १ मिमी जाडीच्या पेनासाठी आखलेले, म्हणून त्यात थेट १२ आणि ३ हेच आकडे असतात, ०.२५ च्या रेषेसाठी त्यांना ०.२५ ने गुणावं लागतं.

गुणत बसण्यापेक्षा मी स्वतःची लिन फाइल ठेवतो. नोटपॅडमध्ये दोन ओळींचं काम आहे. पहिली ओळ चांदणीच्या चिन्हाने सुरू होते, पुढे नाव, स्वल्पविराम आणि वर्णन. दुसरी ओळ 'ए' अक्षराने सुरू होते आणि मग स्वल्पविराम देत आकडे: ६, उणे ०.७५, ०.७५, उणे ०.७५. धन आकडा म्हणजे तुकडा, ऋण म्हणजे मोकळी जागा, शून्य म्हणजे ठिपका. अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत. एका व्याख्येत असे बाराच आकडे चालतात. शेवटच्या ओळीनंतर एंटर द्यावा, नाहीतर शेवटची व्याख्या वाचली जात नाही. हे ८.२५ मिमीचं आवर्तन वरच्या १२ मिमीच्या मध्यरेषेत व्यवस्थित बसतं. फाइल ऑप्शन्समधल्या सपोर्ट पाथच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि लाइनटाइप टेम्प्लेटमध्येच लोड करून ठेवायचे.

आता लेआउट. एकाच शीटवर १:१०० चा प्लॅन आणि १:२० चं डिटेल असेल, तर पीएसएलटीस्केल ० असताना डिटेलमधले तुकडे प्लॅनमधल्यापेक्षा पाचपट लांब येतात. १ केला की दोन्हीकडे तुकडा कागदाच्या मापाने पडतो, म्हणजे वरची मध्यरेषा कुठेही ६ मिमीचीच. मी नेहमी १ ठेवतो, सोबत एलटीस्केलही १. जुन्या पद्धतीने मॉडेलसाठी एलटीस्केल १०० ठेवलेलं ड्रॉइंग अशा लेआउटमध्ये आणलं की तुकडे कागदावर शंभरपट होतात आणि सगळंच अखंड दिसतं. माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पीएसएलटीस्केलची किंमत प्रत्येक लेआउटला वेगळी असते. एका लेआउटमध्ये बदलून दुसऱ्यात बदलत नाही. बदलल्यावर रीजेनऑल (सगळं चित्र नव्याने काढणारी कमांड) द्यावाच लागतो, नाहीतर पडद्यावर जुनंच चित्र राहतं आणि सेटिंग लागलं नाही असं वाटतं.

मॉडेलमध्ये मग रेषा अखंड दिसतात, त्यासाठी एमएसएलटीस्केल १ करून खाली स्टेटस बारवर ॲनोटेशन स्केल १:१०० निवडायचं आणि रीजेन द्यायचा. मॉडेल आणि लेआउट दोन्ही जुळतात.

इतकं करूनही काही रेषा ऐकत नाहीत. त्या रेषेवर क्लिक करून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये (निवडलेल्या रेषेचे गुणधर्म दाखवणारी छोटी खिडकी) आधी लाइनटाइप स्केल बघावा. सीईएलटीस्केल (नव्या रेषांना लागणारा लाइनटाइप स्केल) कधीतरी ०.५ किंवा १० वर राहिलेला असतो आणि त्यानंतर काढलेल्या प्रत्येक रेषेला तो चिकटतो. सेटबायलेयर कमांड रंग, लाइनटाइप, जाडी लेयरप्रमाणे करते, पण या स्केलला हात लावत नाही. सगळं सिलेक्ट करून पॅलेटमध्ये १ टाइप करावं लागतं. ब्लॉकच्या आतल्या रेषांसाठी ब्लॉक एडिटर उघडावा लागतो.

पॉलिलाइन (अनेक तुकडे जोडून झालेली एकच रेषा) असेल तर आवर्तन प्रत्येक शिरोबिंदूपाशी नव्याने सुरू होतं. कंटूरसारख्या जवळजवळ बिंदू असलेल्या रेषा त्यामुळे अखंड दिसतात. प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप जनरेशन एनेबल केलं की आवर्तन टोकापासून टोकापर्यंत सलग जातं. नव्या पॉलिलाइनसाठी पीलाइनजेन हे सेटिंग १ ठेवायचं. आणि एकावर एक दोन तुटक रेषा पडल्या असतील, तर एकीचे तुकडे दुसरीच्या मोकळ्या जागा भरून काढतात. स्केलशी याचा काही संबंध नाही, ओव्हरकिल ही कमांड चालवून जादाची रेषा काढायची. पडद्यावर बरोबर आणि प्रिंटमध्ये चूक असेल तर प्लॉट स्टाइल टेबल (छापताना कोणत्या रंगाची रेषा कशी यावी ते ठरवणारा तक्ता) उघडून बघावं: त्या रंगासमोर लाइनटाइप 'यूज ऑब्जेक्ट लाइनटाइप' असायला हवा.

जाडीचं थोडक्यात: मॉडेलमध्ये जाडी पिक्सेलमध्ये दिसते, झूमने बदलत नाही. म्हणून ती लेआउटमध्ये किंवा प्लॉट प्रिव्ह्यूमध्येच तपासावी. मी बारीक रेषेला ०.२५, ठळक रेषेला ०.५ ठेवतो.

वरच्या प्रत्येक तपासणीत प्रॉपर्टीज आणि लेयर मॅनेजर लागले, आणि माझी पॅलेटची मांडणी त्यावरूनच ठरलेली आहे. प्रॉपर्टीज (कंट्रोल १) डावीकडे कायम डॉक (कडेला चिकटवलेलं), ऑटोहाइड (आपोआप लपणं) बंद. रेषा निवडताक्षणी लेयर, लाइनटाइप, स्केल आणि जाडी एका नजरेत दिसायला हवी. लपणारं पॅलेट जागा वाचवतं हे खरं, पण दर वेळी कर्सर कडेला न्यावा लागला की माणूस तपासणीच टाळतो. लेयर मॅनेजर रुंद असतो. कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून नाव, ऑन, फ्रीझ, रंग, लाइनटाइप, जाडी, प्लॉट आणि व्ह्यूपोर्ट फ्रीझ एवढेच कॉलम ठेवले की तो आटोपशीर होतो. तो मी अँकर राइट करतो, म्हणजे उजव्या कडेला फक्त पट्टी दिसते. टूल पॅलेट (कंट्रोल ३) त्याच बाजूला. नीट सेट केलेली मध्यरेषा त्यावर ओढून टाकली की तिचा लेयर आणि लाइनटाइप धरून नवी रेषा काढता येते. ओढताना निळ्या ग्रिपला न धरता रेषेला धरायचं.

पॅलेट हलवताना ते आपोआप कडेला चिकटत असेल तर कंट्रोल दाबून ओढावं. दुसऱ्या मॉनिटरवर ठेवायच्या पॅलेटला टायटल बारवर राइट क्लिक करून 'अलाउ डॉकिंग'वरची खूण काढावी, नाहीतर दोन पडद्यांच्या सीमेवर ते खिडकीला चिकटतं. मांडणी जमली की खाली उजवीकडच्या चक्राच्या चिन्हातून वर्कस्पेस (म्हणजे ही सगळी मांडणी) नाव देऊन सेव्ह करायचं आणि वर्कस्पेस सेटिंग्जमध्ये बदल आपोआप सेव्ह न करण्याचा पर्याय निवडायचा. मग कितीही पसारा झाला तरी तेच वर्कस्पेस पुन्हा निवडलं की सगळं जागेवर. लॉक लोकेशनमधून ऑल लॉक्ड केलं की चुकून ओढलं जाणंही थांबतं. लॉक असतानाही कंट्रोल दाबून पॅलेट हलवता येतं.

दुसरा मॉनिटर काढला आणि पॅलेट पडद्याबाहेर राहिलं, तर कमांड देऊनही ते दिसत नाही, चालू मात्र असतं. अशा वेळी सीयूआय (मांडणी बदलायची कमांड) उघडून वर्कस्पेस निवडावं, वर्कस्पेस कंटेंट्समध्ये पॅलेट्सखाली ते पॅलेट क्लिक करावं आणि शो 'येस', ओरिएंटेशन 'लेफ्ट' करून ॲप्लाय द्यावं. वर्कस्पेस पुन्हा निवडलं की ते डाव्या कडेला येतं. तिथून ओढून हवं तिथे ठेवावं आणि वर्कस्पेस त्याच नावाने परत सेव्ह करावं.