शृंगारतळीच्या पुढची मोरी

आईला गुहागरजवळ मामाकडे सोडायचं होतं. जुलैचा दुसरा आठवडा. "पाऊस जरा ओसरू दे, मग जाऊ," असं मी दोनदा म्हणून पाहिलं. आईचं उत्तर ठरलेलं, "कोकणात पाऊस बघून निघायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल." पहाटे पाचला पुण्यातून निघालो.

रस्ता नेहमीचाच. हायवेने साताऱ्याच्या पुढे उंब्रज, तिथून आत वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. पुणं ते गुहागर अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ताम्हिणीतून माणगाव-महाड करतही जाता येतं, पण पावसाळ्यात मी कुंभार्लीच धरतो. घाटात धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचे दिवे दहा-बारा हातांवर आल्यावर दिसत होते. नाश्ता उंब्रजलाच उरकून घ्या. पुढे घाटमाथ्यावर पावसात टपऱ्या उघड्या असतीलच असं नाही. चिपळूणला साडेदहा. मिरजोळी, रामपूर, मार्गताम्हाणे करत सव्वाबाराला शृंगारतळी. इथवर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

शृंगारतळीच्या पुढे मामाच्या गावाला आतला रस्ता जातो. वाटेत एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा आहे आणि त्यावर ठेंगणी मोरी, म्हणजे बुटका पूल. एरवी तिथे पाणी असतं हेही लक्षात येत नाही. त्या दिवशी तांबडं पाणी मोरीवरून वाहत होतं. कडेचे दगड दिसत होते, म्हणजे फार खोल नसावं. माझ्यासमोर एक मोटरसायकलवाला पाय वर उचलून पार झाला. त्यामागून वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी जीप गेली. मी जीपच्या मागे गाडी घातली. जीप माझ्या गाडीपेक्षा वीतभर उंच आहे हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

खरं सांगायचं तर मोरीवर माझी एकट्याचीच गाडी असती तर बहुतेक पारही झालो असतो. पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, क्लच अर्धवट दाबायचा नाही, मध्ये गिअर बदलायचा नाही, हे सगळं नीट चाललं होतं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं. तेवढ्यात समोरून चिऱ्यांनी भरलेला डंपर मोरीवर उतरला. त्याच्या पुढ्यात पाण्याची जी लाट उठली ती सरळ माझ्या बॉनेटवर आली. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

इथून पुढचे दहा सेकंद हाच या सगळ्या लिहिण्याचा मुद्दा आहे.

गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो. माझाही गेला. चावी फिरवली, आतून "टक्" असा एकच आवाज आला. नेहमीचं घरघरणं नाही, नुसता कशावर तरी आपटल्यासारखा ठोका. दुसऱ्यांदा फिरवणार, तेवढ्यात त्याच डंपरचा ड्रायव्हर गुडघाभर पाण्यातून धावत आला आणि काचेवर थाप मारून ओरडला, "चावी काढा! चावी काढा आधी!" ज्याच्यामुळे बुडालो त्यानेच गाडी वाचवली, त्यामुळे त्याच्यावर रागवायचं की पाया पडायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो का ओरडला ते नंतर चिपळूणच्या गॅरेजातल्या मेस्त्रींनी नीट समजावलं. इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि पिस्टन वर येऊ लागला तर पाण्याला जायला जागा नसते, मग जोर सगळा पिस्टनला खालून जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन 'हायड्रो लॉक' होतं. यासाठी पाणी किती लागतं याचा मी घरी येऊन हिशोब मांडला. बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन धरा. एका सिलिंडरचे ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १० धरला तर पिस्टन सगळ्यात वर आल्यावर उरणारी जागा साधारण ३३ मिली. खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं! डिझेलचा रेशो जास्त, १६ ते १८ च्या घरात, त्यामुळे तिथे तीन नाही, दोनच झाकणं पुरतात. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं गाडी चालवूनही धड ऐकली नव्हती.

आणि हे पाणी सायलेन्सरमधून जात नाही. आपल्याकडे सगळे तसंच म्हणतात. इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून धूर जोरात बाहेर पडत असतो, तो पाण्याला सहसा आत येऊ देत नाही. म्हणून तर पाण्यात पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा नाही. पाणी शिरतं ते हवा ओढणाऱ्या तोंडातून. हे तोंड बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या जाळीच्या मागे, हेडलाइटच्या उंचीला असतं. म्हणजे उभं पाणी तिथवर पोचायची गरजच नसते, समोरच्याची लाट पुरते. निघण्याआधी एकदा बॉनेट उघडून आपल्या गाडीचं ते तोंड कुठे आहे ते बघून ठेवा. बॉनेट उघडलंच आहे तर बॅटरीचा निगेटिव्ह कुठला तेही बघा, आणि डिकीत दहा नंबरचा पाना टाका.

डंपरवाला, त्याचा क्लीनर आणि डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेले एक काका अशा तिघांनी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून वर आणली. आई तोवर पर्स डोक्यावर धरून पलीकडे जाऊन उभी. काका म्हणाले, "दुसऱ्या गिअरला टाका, धक्का मारून देतो, होईल चालू." फार मायेने म्हणाले, पण हे चावी फिरवण्यापेक्षाही वाईट. स्टार्टर निदान अडला की थांबतो. धक्का मारताना अख्ख्या गाडीचं वजन त्या एका रॉडवर येतं. डंपरवाल्यानेच त्यांना थांबवलं. त्याच्या भावाची जीप अशीच गेली होती म्हणे.

बाहेर आल्यावर आम्ही एवढंच केलं: बॅटरीचा निगेटिव्ह सोडला, एअर फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टर पिळावा इतका भिजलेला. तो भिजलेला दिसला की पुढे काही करून बघायचं नाही, गाडी ओढून न्यायची. तो कोरडा असेल तर कदाचित नुसतं वायरिंग भिजून गाडी बंद पडलेली असू शकते, पण तेही मेस्त्रीला ठरवू द्या. मोबाइलवर फोटो काढले: मोरी, पाण्याची पातळी, फिल्टर, मीटरवरचे किलोमीटर. पुढची नंबरप्लेट गायब होती. ती दुसऱ्या दिवशी पोरांनी खालच्या शेतातून आणून दिली.

विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडच्या मुलीचा तिसराच प्रश्न, "सर, गाडी बंद पडल्यावर परत चालू करायचा प्रयत्न केला का?" मी खरं ते सांगितलं, एकदा केला. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असलं तरी पाणी शिरल्यावर इंजिन फिरवून झालेली मोडतोड बहुतेक वेळा धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. एजंटने नूतनीकरणाच्या वेळी विचारलं होतं, आणि मीच "दहा वर्षांच्या गाडीला कशाला" म्हणून नको म्हटलं होतं.

गाडी ओढायला चिपळूणहून पाठ सपाट असलेला टेम्पो आला, तीन हजार घेतले. साधी गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये दोर लावूनही ओढता येते, पण ऑटोमॅटिक असेल तर चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, सपाट टेम्पोच मागवा.

चिपळूणला न्यायचं कारण असं की या कामात त्या गावाचा हात कोणी धरणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या याची मोजदाद मेस्त्रींनी सोडूनच दिली होती. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नदीचं पाणी समुद्राकडे सरकत नाही, तुंबून गावात चढतं. चिपळूणला लागून असलेल्या गोवळकोटपर्यंत खाडीची भरती येते हे तिथे पोराटोरांना ठाऊक असतं. मेस्त्री सांगत होते, पाणी उतरल्यावर लोकांनी दारातली गाडी पुसली, सीट उन्हात ठेवली, आणि मोठ्या आशेने चावी मारली. तिथेच इंजिन गेलं. ज्यांना चावी घरात सापडली नाही किंवा जे स्वतः गावाबाहेर अडकले होते, त्यांच्या गाड्या धुऊन-पुसून निघाल्या.

गाडी टेम्पोवरून उतरवायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "चावी किती वेळा मारलीत? खरं सांगा."

"एकदा."

"टक् झालं का कर्र झालं?"

"टक्."

"मग बघू. बसा, चहा घ्या."

पुढे जे झालं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. लिहून ठेवतो, कारण आडगावच्या मेस्त्रीकडे उभं राहायची वेळ आली तर काय व्हायला हवं हे माहीत असलेलं बरं. आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. माझं कडेला किंचित तसं होतं. खालचा बोल्ट सैल केल्यावर आधी अर्धी वाटी पाणी आलं आणि मग ऑइल, कारण पाणी जड, ते तळाला बसतं. मग चारही स्पार्क प्लग काढले. इंजेक्टरची वायर सोडली, नाहीतर पेट्रोल उडत राहतं. पुली पान्याने हाताने फिरवून पाहिली. अडत नाही याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडून स्टार्टर मारला. प्लगच्या भोकांतून, विशेषतः तिसऱ्यातून, पिचकारीसारखं पाणी उडालं. एका पोराचा शर्ट तांबडा झाला आणि सगळे हसले. मी सोडून.

मग त्यांनी एक लांब, बारीक सळई घेतली. प्रत्येक भोकातून ती पिस्टनवर टेकवली आणि पिस्टन वर आला की सळईवर नखाने खूण. चारही खुणा एकाच उंचीला आल्या. रॉड वाकला असता तर तो पिस्टन कमी वर आला असता आणि खूण खाली पडली असती. "नशीबवान आहात," एवढंच म्हणाले. नंतर कॉम्प्रेशन गेज लावूनही बघितलं, पण माझा जीव त्या सळईनेच भांड्यात पडला.

सिलिंडरमध्ये चमचा चमचा ऑइल सोडलं, थ्रॉटल पुसला, नवा एअर फिल्टर, स्वस्तातलं ऑइल आणि ऑइल फिल्टर. संध्याकाळी साडेसहाला गाडी सुरू झाली. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली, मग थांबली. हे काम त्याच दिवशी झालं याला महत्त्व आहे. पाणी रात्रभर आत राहिलं तर सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो. पन्नास किलोमीटर चालवून ते स्वस्त ऑइल परत काढायचं आणि मग चांगलं भरायचं, असं बजावून त्यांनी साडेसात हजार घेतले. गिअरचं ऑइलही बघून घ्या, लोक ते विसरतात. ब्रेक ओले असतात, निघाल्यावर हळू चालवत चार-सहा वेळा दाबून सुकवायचे.

रात्री नऊला मामाकडे पोचलो. आई दुपारीच रिक्षाने गेली होती, वाटेत कुठेही न भिजता. मामाने दारातच विचारलं, "काय रे, पोहत आलास होय?" आणि मग जे सांगितलं ते जास्त झोंबलं. तो पऱ्या पाऊस थांबला की तास-दीड तासात उतरतो. दुपारी दोनला मोरीवर घोटाभर पाणी होतं. शृंगारतळीला एक चहा आणि एक वडापाव खाऊन निघालो असतो तर काहीच झालं नसतं. पाणी दिसलं की पलीकडे जाता येईल का हे न विचारता "कधी उतरेल?" हे विचारायचं. उत्तर कुठलाही टपरीवाला देतो. खाडीकाठचा रस्ता असेल तर भरतीची वेळ विचारायची, ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आणि पाणी वाहतं असेल तर चाकाच्या मध्याचा हिशोबही सोडून द्या. फूटभर जोराचं पाणी छोटी गाडी उचलतं, तिथे मग इंजिनाचा प्रश्नच उरत नाही. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून येणार असाल तर पावसाळ्यात फेरी चालू आहे का ते आधी फोन करून विचारूनच निघा.

राहिली कार्पेटं. मेस्त्रींनी ती काढून दिली होती. जुलैत कोकणात काय वाळणार? मामीने ती दोन दिवस न्हाणीतल्या चुलीच्या वर दोरीला टांगली. वाळली नीट. आता गाडीत बसलं की लाकडाच्या धुराचा वास येतो. बायको म्हणते धुऊन आण, आणि आई म्हणते हात लावू नकोस.