मापांची वही आणि अपघाताचा दावा

११ ऑक्टोबर २०२२. दिवाळी तेरा दिवसांवर आली होती आणि माझ्याकडे एकवीस ब्लाउज शिवायचे पडले होते. ठाणे स्टेशनजवळून अस्तरं, हूक, लेस घेतली आणि दादाच्या गाडीतून घोडबंदर रोडने घरी निघाले. मानपाड्याच्या पुढे सर्व्हिस रोडवर आतल्या गल्लीतून एक गाडी न थांबता भरधाव बाहेर आली आणि आमच्या मागच्या दारावर आदळली. तोंड वाचवायला मी उजवा हात पुढे टेकवला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. दादाला खरचटलंही नाही.

हॉस्पिटलमध्ये एमएलसी केली, म्हणजे पोलिसांत जाणारी अपघाताची नोंद. कसं लागलं, असं विचारल्यावर दादाने नीट सांगितलं, "मागे बसली होती, दुसऱ्या गाडीने ठोकलं." पुढे कोर्टात तीच ओळ वाचली गेली. घाईत कोणी "पडली" एवढंच सांगितलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंद झाला. मनगटात प्लेट बसली. बिल एक लाख साठ हजार झालं, त्यातले सव्वा लाख ह्यांच्या ऑफिसच्या मेडिक्लेमने दिले. दादाच्या गाडीचा सर्व्हे झाला, प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे घसाऱ्यात कापून बाकीचं त्याच्या विमा कंपनीने गॅरेजला दिलं. तीन आठवड्यांत गाडी दारात उभी होती. मला वाटलं, क्लेम झाला, संपलं.

माझ्या हाताचं मात्र कुठल्याच कागदात काही नव्हतं. मेडिक्लेमने ऑपरेशनचे पैसे दिले, पण कात्री धरता येत नाही त्याचे पैसे कोण देणार?

त्याच दिवसांत त्या गाडीवाल्या मुलाचे आईवडील घरी आले. पेढे आणि पंचवीस हजार घेऊन. "ताई, पोरगा शिकतोय, तुमची काही तक्रार नाही एवढं लिहून द्या." त्याची आई रडत होती. मी देणार होते, खरंच. हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्यासाठी शाईचं पॅडही त्यांनी आणलं होतं. ह्यांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

मध्ये माझ्या एक गिऱ्हाईक बाई न शिवलेलं कापड परत न्यायला आल्या. त्या वकील आहेत. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला आधी माहीत असती तर रात्रीची झोप गेली नसती. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो आपल्यासारख्या दुसऱ्या माणसासाठीच असतो. लायसन्स आणि पॉलिसी वैध असेल तर भरपाई त्या मुलाच्या घरून नाही, विमा कंपनीकडून येते. आपण दावा केला म्हणून त्याचं घर बसत नाही. मी पंचवीस हजार परत पाठवले, पेढे ठेवून घेतले.

मॅडमनीच वकीलपत्र घेतलं. एफआयआर, पंचनामा, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, औषधांची एकूण एक पावती, समोरच्या गाडीची पॉलिसी आणि लायसन्सची प्रत असे सगळे कागद जमवले. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. "मुदतीच्या वादात आपल्याला पडायचंच नाही," असं म्हणून त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्येच कोर्टनाक्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल केला. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो, त्यामुळे अपघात लांब कुठे झाला तरी तिकडे खेटे घालायची गरज नसते. हे पुष्कळांना ठाऊक नाही.

समोरच्या गाडीच्या विमा कंपनीने उत्तरात लिहिलं की दादाचीही चूक होती. दादा फार दुखावला. मॅडम म्हणाल्या, चूक कोणाचीही निघो, मागे बसलेल्या बाईची नाही.

खरी लढाई मिळकतीवर झाली. मी घरात शिवते. रिटर्न नाही, दुकान नाही, पाटी नाही. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही गृहिणीच ना?" मी म्हटलं, "गृहिणीही आहे आणि शिवतेही." मग मॅडमनी वही पुढे केली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कडेला खडूचे डाग. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कमर, बाही, गळ्याची खोली, अस्तर की बिनअस्तर, शिलाई आणि द्यायची तारीख. ११ ऑक्टोबरच्या पानावर 'बाही १०' लिहून पुढे कोरं आहे. त्यानंतर दहा आठवडे काहीच नाही. मग लेकीच्या अक्षरात दोन फॉल-पिको. वकिलांनी पानं उलटली, जमाखर्चाच्या बेरजा तपासल्या. तीन गिऱ्हाइकांनी साक्ष दिली. महिना बारा हजारांवर दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

कायमच्या अपंगत्वाचा दाखला पंधरा टक्क्यांचा होता. पण पंधरा टक्के हाताला, कामाला नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय की, डॉक्टरांचा टक्का आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जखमी माणूस काय काम करतो ते बघायला हवं. कटोरी कापताना माझा अंगठा मध्येच सुटतो. सरळ शिलाई जमते, वळणावर कापड हातातून निसटतं. हे मी न्यायाधीशांना करून दाखवलं.

हिशोब असा. बारा हजार गुणिले बारा, त्यात पुढच्या वाढीचे चाळीस टक्के, कारण माझं वय तेव्हा अडतीस. झाले दोन लाख एक हजार सहाशे. त्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, पंधरा. झाले तीस लाख चोवीस हजार. त्याचा पंधरा टक्के धरायचा की पंचवीस, यात तीन लाखांचा फरक पडतो.

२०२५ मधल्या राष्ट्रीय लोकअदालतीत वीस टक्क्यांवर तडजोड झाली. कंपनीला मेडिक्लेमचे सव्वा लाख वजा करायचे होते. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून कापता येणार नाही, असा निकाल दिला होता. तो मॅडमनी समोर ठेवला आणि विषय मिटला. उपचार, वेदना, बुडालेले महिने धरून सव्वाआठ लाख ठरले. पंचवीस टक्क्यांसाठी लढता आलं असतं. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे विषय तिथेच संपतो, आणि मला आणखी वर्षं कोर्टनाक्याच्या बाकावर घालवायची नव्हती.

पैशांतून आधी उधारी फेडली, मग कापड कापायचं विजेचं यंत्र घेतलं. वही अजून कोर्टाच्या फाईलमध्ये आहे, परत मिळावी म्हणून अर्ज दिलाय. तोवर जुन्या गिऱ्हाइकांची मापं नव्याने घेते आहे. टेप मी धरते, आकडे लेक लिहिते.