कीबोर्डची घूं गेली, आता व्हायोलिन

वडगावच्या भजनात कीबोर्डच्या लाईनला जी सतत घूं यायची ती या आठवड्यात एकदाची गेली. तिच्या मागे दोन महिने लागलो होतो त्यामुळे सविस्तर लिहितोय.

आधी कारण. कीबोर्ड स्टेजवरच्या विजेच्या बोर्डावर, मिक्सर मंडपाच्या मागे दुसऱ्या बोर्डावर, आणि मधे साधी दोन तारांची जॅक केबल, जवळजवळ 20 मीटर. दोन्ही टोकांना अर्थिंग वेगळं म्हणजे केबलच्या जाळीतूनच करंट फिरतो आणि 50 हर्ट्झची घूं थेट सिग्नलमधे बसते. केबल बदलून बघितली, काय फरक नाही. मग एकजण म्हणाला काय गा एवढं, प्लगची अर्थिंग पिन काढून टाक, आवाज जातो. आवाज जातो हे खरं, पण कुणीच असं करू नका, पावसाळ्यात मंडपातली जमीन ओली, गाणाऱ्याचं तोंड माईकला आणि हात वाद्याला, तिथं अर्थिंग हाच एकमेव आधार असतो.

त्यासाठीच डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माईकच्या लाईनला जुळवून देणारी छोटी पेटी. साधा पॅसिव्ह घेतला, वीज न लागणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. कीबोर्डपासून बॉक्सपर्यंत फक्त दीड मीटर जॅक, पुढं सगळा एक्सएलआर, म्हणजे माईकची तीन पिनांची केबल. एक्सएलआरमधे पिन 2 आणि 3 वर तोच सिग्नल एकमेकाच्या उलटा जातो, वाटेत जो गोंगाट मिसळतो तो दोन्हींत सारखाच असतो, मिक्सर दोघांतला फरक घेतो आणि गोंगाट तिथंच कटतो. ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की पिन 1 सुटते आणि अर्थिंगचा लूप तुटतो, प्लगला हात न लावता. मी बटण दाबलं तेव्हा साऊंडवाले हेडफोन लावून बसले होते, मान वर करून कन्नडमधे म्हणाले "सरी आत नोड्री", बरोबर झालं बघा. तेवढ्या एका वाक्यासाठी दोन महिने गेले.

लेव्हल मात्र बघा. असल्या ट्रान्सफॉर्मरमधे साधारण 12 ला 1 वेढे असतात, म्हणजे सिग्नल 21-22 डीबी खाली येतो, माईकच्या लाईनला तेवढाच बरा. कीबोर्डचा आउटपुट जोरात असेल तर पॅडही (सिग्नल आणखी कमी करणारं बटण) लावावा, नाहीतर मोठ्या स्वराला ट्रान्सफॉर्मर खरखरतो. लॅपटॉपवरून तानपुरा लावतो तिथंही हेच वापरलं, चार्जर लावला की जी बारीक चिर्र यायची ती गेली.

आता व्हायोलिन, तिथं हा पॅसिव्ह चालला नाही. व्हायोलिनच्या ब्रिजवर पिझो पिकअप (तारांचं कंपन पकडून सिग्नल देणारा), आत सिग्नल वाढवणारा प्रीअँप नाही, आणि बॉक्सचा इनपुट साधारण दीडशे किलोओमचा, त्यामुळे खालचे स्वर गायब, उरलेला आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. पिझोला मेगाओममधला इनपुट लागतो, तो ॲक्टिव्ह म्हणजे वीज लागणाऱ्या डीआयमधे मिळतो, 1 मेगाओमचा सर्रास, काहींत 10. मित्राचा ॲक्टिव्ह बॉक्स मागून आणला, मिक्सरवरून 48 व्होल्टचं फँटम (एक्सएलआरमधूनच जाणारी वीज) दिलं आणि जी ची तार परत भरून आली, अगदी समोर बसून ऐकतोय असं वाटलं. घरी दोन्ही बॉक्सवर तोच एक अभंग रेकॉर्ड करून ठेवलाय, डोळे मिटून ऐकलं तरी ओळखू येतो.

रेकॉर्डिंगला अजून एक फायदा, बॉक्सच्या थ्रू मधून (आलेला सिग्नल तसाच पुढं देणारा आउटपुट) ॲम्पला लाईन द्यायची आणि डीआयवरून कोरा सिग्नल घ्यायचा, टोन नंतर बदलता येतो. गिटारवाल्यांनी हे नक्की करून बघा.

पुढच्या आठवड्यात खानापूरला कार्यक्रम आहे, तिथं सगळं जनरेटरवर चालतं. दोन्ही बॉक्स आणि दोन जादा एक्सएलआर बॅगेत भरून ठेवलेत, आवाज कसा आला ते आल्यावर लिहितो.