शेजाऱ्याला अपील नाही

मंगळवार, रात्री

शेजारच्या इमारतीच्या बांधकाम परवानगीविरुद्ध आम्ही महापालिकेत केलेल्या अर्जावर आज सुनावणी झाली. निकाल लगेच मिळणार नव्हताच. दोन्ही बाजूंनी आपापलं लेखी म्हणणं शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे. डोक्यात बरंच साचलंय, ते आजच लिहून ठेवते. आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या गल्लीत आणखी काही बंगले बिल्डरकडे जायच्या बेतात आहेत. मला जे समजायला इतके महिने लागले, ते त्यांच्या शेजारच्यांना तरी वेळेत समजावं.

बांधकाम परवानगीविरुद्ध शेजाऱ्याला अपील करता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ मध्ये अपिलाची तरतूद आहे, पण ती अर्जदारासाठी. ज्याने परवानगी मागितली आणि ज्याला ती नाकारली किंवा नको त्या अटींसह मिळाली, त्याने ४० दिवसांत शासनाकडे दाद मागायची. ज्याच्या भिंतीला लागून खड्डा खणला जाणार, त्याचा त्या कलमात उल्लेखही नाही. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडून पुस्तक मागून घेतलं आणि ते कलम स्वतः वाचलं. फार राग आला. अजूनही येतो. परवानगी अडली तर बांधणाऱ्याचं काय नुकसान होतं, याचा कायद्याने विचार केलाय. ती मिळाल्यामुळे पलीकडच्या घरातलं ऊन, वारा, भिंत यांचं काय होतं, हे विचारायला मात्र दारच ठेवलेलं नाही.

मग आडवाटेने जावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम ५१ खाली दिलेली परवानगी रद्द करता येते किंवा तिच्यात बदल करता येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २५८ जास्त नेमकं आहे. अर्जात महत्त्वाची माहिती चुकीची देऊन परवानगी मिळवली असेल, तर आयुक्त ती रद्द करू शकतात आणि त्यावर झालेलं काम विनापरवाना धरलं जातं. अर्थात समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. आपण फक्त अर्ज करायचा, कागद जोडायचे, आवक शिक्क्याची पोच घ्यायची आणि पाठपुरावा करायचा. दिवाणी कोर्टात परवानगीला थेट आव्हान द्यायला गेलं तर नगररचना कायद्याचं कलम १४९ आड येतं. उरतं उच्च न्यायालय, आणि त्यासाठी पुण्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागते.

यात सगळ्यात महत्त्वाची आहे ती वेळ. कलम ५१ मध्येच लिहिलंय की काम बरंचसं पुढे गेलं असेल तर परवानगी मागे घेता येत नाही. स्लॅब पडायला लागल्यावर जागे झालेल्यांसाठी तो रस्ता जवळपास बंदच. म्हणून वकीलबाईंचा एकच धोशा होता, जोते तपासणीच्या, म्हणजे पाया जमिनीच्या वर आल्यावर होणाऱ्या तपासणीच्या, आत अर्ज गेला पाहिजे.

आता आमचं प्रकरण. शेजारच्या प्लॉटवर वीस मीटर उंचीची इमारत मंजूर झाली आहे. अशा उंचीला बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून इमारतीपर्यंत सोडायची मोकळी जागा, उंचीच्या पाचव्या हिश्शाने धरतात, म्हणजे चार मीटर. मंजूर नकाशावर आमच्या बाजूला बरोबर चार मीटर दाखवलेत. हा नकाशा मला महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर मिळाला. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि आठाहून जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची तिथे नोंदणी लागते, आणि त्यासोबत मंजुरीचे कागद कुणालाही बघता येतात. बाकीची फाइल माहिती अधिकारात मागवली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि ३० दिवसांच्या मुदतीत कागद हातात आले.

नकाशा जमिनीवर ताडून बघायची संधी फक्की मारली, म्हणजे पांढऱ्या भुकटीने इमारतीची आखणी केली, त्या दिवशी मिळाली. सकाळी मजुरांनी दोऱ्या ताणून पांढऱ्या रेघा ओढल्या. दुपारी ते जेवायला गेल्यावर मी गच्चीत उभी राहिले आणि मुलाने आमच्या कुंपणाच्या भिंतीपासून पहिल्या रेघेपर्यंत टेप लावला. चार मीटर. नकाशात होतं तेवढंच. हे म्हणाले, झालं, सोडून दे आता. पण आमचं कुंपण आमच्या हद्दीवर नाहीच. ते हद्दीच्या दोन फूट आत आहे.

का आहे, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा शेजारच्यांची विहीर हद्दीला अगदी खेटून होती. कुंपणाचा पाया खणताना तिच्या कठड्याला धक्का नको, म्हणून सासऱ्यांनी भिंत दोन फूट आत घेतली. त्याच विहिरीच्या पाण्याने आमचा स्लॅब भिजत ठेवायला त्यावर आळी भरली होती. विहीर पुढे बुजवली. ती दोन फुटांची पट्टी तशीच राहिली, तिच्यात शेजारच्या काकूंनी अनंत लावला, आणि आम्हाला कधी त्यात वावगं वाटलं नाही.

आर्किटेक्टने प्लॉट थेट आमच्या कुंपणापर्यंत काढला आहे. म्हणजे आमचे दोन फूट त्यांच्या रुंदीत गेले, आणि खऱ्या हद्दीपासून मोजलं तर चारचे साडेतीन मीटरही उरत नाहीत. सासऱ्यांनी शेजारधर्म म्हणून सोडलेली जागा आज कुणाच्या तरी फ्लॅटच्या हिशेबात धरली जाते, हे मला सहन होत नाही.

आम्ही आमच्या प्लॉटची मोजणी मागवली. मोजणीला लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, त्यामुळे त्या दिवशी शेजारच्या प्लॉटचे मालक काका स्वतः आले. भूमापकाने कुंपणाबाहेर खूण केली तेव्हा त्यांनी मान खाली घातली, बोलले काहीच नाहीत. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, प्रॉपर्टी कार्ड आणि फक्कीचे फोटो, एवढ्यावर आमचा अर्ज उभा आहे.

गल्लीतल्या काहींचं म्हणणं होतं की रस्त्याचा मुद्दाही घाला. आमची गल्ली सहा मीटरची. २०२० मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायला मंजुरी दिली, आणि त्यावर शहरात मोठं वादंग झालं. रस्ता नऊ मीटरचा झाला की टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, वापरता येतो आणि बंगल्यांच्या गल्लीत उंच इमारती उभ्या राहतात. ते मलाही पटत नाही. गाड्या, पाणी, ड्रेनेज, सगळ्याचा ताण त्याच जुन्या गल्लीवर येणार. पण तो धोरणाचा प्रश्न आहे, त्याला वेगळी लढाई लागेल. माझ्या अर्जात तो आला असता तर दोन फुटांची सरळ गोष्ट त्यात हरवली असती. मी तो घातला नाही.

आज बिल्डरच्या वकिलांनी ‘वहिवाट’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. इतकी वर्षं ती पट्टी त्यांच्याच वापरात आहे, कुणी हरकत घेतली नाही, वगैरे. वकीलबाई शांत होत्या. म्हणाल्या, मालकी ठरवायला आम्ही इथे आलोच नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. अर्जासोबत दिलेली प्लॉटची रुंदी सरकारी मोजणीशी जुळते का, एवढंच बघा. अधिकाऱ्यांनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, स्केलपट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. मग आर्किटेक्टला विचारलं, परवानगीआधी जागेची मोजणी करून घेतली होती का? उत्तर आलं, जागेवर कुंपण होतं, ते धरलं. हे वाक्य नोंदवून घेतलं गेलं. मला तेवढ्याने फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर काका जिन्यापाशी थांबलेच होते. म्हणाले, “तू मला घरी येऊन सांगायचंस ना गं.” मी म्हटलं, “काका, मी आले होते. तुम्ही म्हणालात, आता सगळं बिल्डर बघतो.” त्यांना ते आठवलं असावं. जुन्या घराला तडे गेलेत, मुलं परदेशात, दोघांनाही जिना चढवत नाही. लिफ्ट असलेलं घर त्यांना हवंय, आणि ते मिळायलाच पाहिजे. त्यांच्या इमारतीला माझा विरोध कधीच नव्हता.

म्हणून शुक्रवारच्या म्हणण्यात ‘परवानगी रद्द करावी’ ही मागणी पहिली ठेवायची नाही, असं मी ठरवलंय. मोजणी नकाशाप्रमाणे हद्द धरून सुधारित नकाशा सादर करावा, आमच्या बाजूचं अंतर त्या हद्दीपासून चार मीटर ठेवावं आणि तोवर जोत्याचं काम थांबवावं, एवढं मागायचं. रद्दची मागणी शेवटी, हे झालं नाही तर म्हणून. वकीलबाईंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते आधी मोठं मागावं, मग तडजोडीला जागा राहते. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण काकांचं घर अडवून ठेवायला मी हा अर्ज केलेला नाही. उद्या सकाळी फोन करून वकीलबाईंना तसं सांगते.