खाडीच्या घड्याळाने एक सकाळ : मुलांसह ऐरोलीहून रोहित पक्ष्यांकडे

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही मुलांना घेऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला नवी मुंबईतील ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पोहोचलो, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि ठाणे खाडीला पूर्ण ओहोटी होती. समोर दूरवर उघडा चिखल पडलेला होता, बोट निघणे शक्यच नव्हते आणि दोन्ही मुले रडवेली झाली. चूक सर्वस्वी आमची होती, कारण निघण्यापूर्वी आम्ही भरती-ओहोटीची वेळच पाहिली नव्हती. घरी आल्यावर सासूबाईंनी दिनदर्शिका उघडून तिथी पाहिली आणि त्या म्हणाल्या, "अगं, आज अष्टमी. भरती सहाला होऊन गेली, बाराला सुकतीच असणार."

त्यांचे माहेर वेंगुर्ल्याचे. कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9 वाजता भरती, आणि दोन्ही पक्षांना हिशेब तोच. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. या वर्षी आमच्या सहलीची सुरुवात याच हिशेबापासून झाली. नऊ वर्षांची थोरली आजीजवळ बसली, तिने मे महिन्याच्या प्रत्येक तिथीपुढे भरतीची वेळ लिहिली आणि शनिवारी येणारी वैशाख शुद्ध द्वादशी स्वतः निवडली. हा हिशेब अंदाजाचा आहे, शिवाय समुद्राचे पाणी खाडीत आतपर्यंत पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून छापील वेळापत्रकाशी तो ताडून पाहावा आणि बोटीची वेळ केंद्राकडून आधीच निश्चित करून घ्यावी. तरीही हे काम मुलांकडूनच करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्या आठवडाभर आमची मुलगी ती सहल आपली स्वतःची समजत होती.

ठाणे स्थानकातून ट्रान्स हार्बर मार्गाच्या गाडीने निघाल्यावर दिघा गाव मागे टाकले की ऐरोली येते. तेथून केंद्रापर्यंत आम्ही रिक्षा केली. बोट आठ वाजताची असूनही आम्ही सातलाच पोहोचलो आणि ती एक तासाची सवड फार उपयोगी पडली. धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याला कशाहीजवळ उकिडवे बसून ते न्याहाळायला वेळ लागतो, आणि एरवी आम्हीच त्याला हात धरून उठवत असतो. त्या सकाळी उठवले नाही. कांदळवनाच्या कडेला चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची मुळे पाहून त्याने विचारले, की झाडाची मुळे वर कशाला आली. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड ओहोटीच्या वेळी या मुळांवाटे श्वास घेते, एवढे मला ठाऊक होते. तिवराच्या पानांवर मिठाचे बारीक कण असतात, हे मात्र तेथील मार्गदर्शकाने गळलेले पान हातात दिले तेव्हाच मला कळले. आईलाही हे माहीत नव्हते, याचा मुलाला झालेला आनंद मी विसरणार नाही. चिखलावर एकच नांगी मोठी असलेले खेकडे होते (तो नर असतो), आणि पाण्याबाहेर उड्या मारणाऱ्या निवट्याही (चिखलावर वावरणारे लहान मासे) होत्या.

बोटीची वेळ समजून घेण्यासारखी आहे. ओहोटीत बोटीला पुरेसे पाणी नसते, आणि भरती पूर्ण झाली की पक्ष्यांचा चरण्याचा चिखल बुडतो, मग ते दुसरीकडे निघून जातात. पाणी चढत असताना, भरतीच्या तास-दीड तास आधी, दोन्ही गोष्टी साधतात. आम्ही निघालो तेव्हा सुरुवातीचा बराच वेळ एकही रोहित दिसला नाही आणि धाकटा कुरकुरू लागला. मग नावाड्याने इंजिन बंद केले, आणि पुढच्या वळणावर चिखलाच्या पट्ट्यावर गुलाबी रांगच्या रांग उभी दिसली. मुले आपण होऊन गप्प झाली. पक्षी चोच उलटी करून पाण्यात घालत होते. जिभेने पाणी आत ओढून चोचीतल्या गाळणीतून बाहेर टाकायचे आणि शेवाळ तेवढे आत ठेवायचे, अशी त्यांची चरण्याची पद्धत आहे. त्या शेवाळातील रंगद्रव्यामुळेच त्यांना हा रंग येतो. पिल्ले करडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षे लागतात. बहुतेक पक्षी छोटे रोहित होते, गडद चोचीचे आणि जेमतेम 80 ते 90 सेंटीमीटर उंचीचे. मधूनच फिकट, उंच मानेचे मोठे रोहित दिसत. "तो माझ्यापेक्षा उंच आहे," असे धाकट्याने हळू आवाजात सांगितले, आणि ते खरेही होते.

खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा हा भाग 2015 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, म्हणजे रामसर पाणथळींच्या यादीत समावेश झाला. थोरलीला हे सांगितल्यावर तिने पलीकडच्या इमारतींकडे बोट करून विचारले, "मग तिथपर्यंतच का?" या प्रश्नावर आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ बोललो.

पुढे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. बोटीत बसण्यापूर्वी मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणावे, कारण मध्ये उतरण्याची सोय नसते. जीवरक्षक जाकीट लहान मुलाला सैल बसत असेल, तर संकोच न करता मापाचे मागून घ्यावे. टोपी, लांब बाह्यांचे सुती कपडे आणि प्रत्येकी एक बाटली पाणी हवेच. आम्ही दशम्या आणि कोकम सरबत नेले होते, ते परतल्यावर सावलीत बसून संपवले. दुर्बीण एकच असेल तर पाळी ठरवून घ्यावी, नाहीतर भांडणे होतात. मोबाइल आम्ही पिशवीत ठेवला आणि फोटो मोजून चार काढले. त्याच दिवशी आणखी एखादे ठिकाण जोडण्याचा मोह टाळावा: साडेदहानंतरचे ऊन मुलांना सोसत नाही आणि सकाळी पाहिलेले मनात मुरायलाही वेळ लागतो. आम्ही अकराला घरी होतो.

बोटीचे आरक्षण मिळाले नाही, तर त्याच ट्रान्स हार्बर मार्गाने नेरूळला जावे. खाडीत भरती असते तेव्हा अनेक रोहित नेरूळ-सीवूड्स परिसरातील तलावांवर येऊन थांबतात आणि काठावरून दुर्बिणीने नीट दिसतात. येथे मात्र भरतीची वेळ गाठावी लागते. मुलांना हा उलटा हिशेब समजावून सांगताना आम्हालाही मजा आली.

दुपारी धाकट्याने चित्र काढले. त्यात गुलाबी खडू संपत आला होता, म्हणून त्याने उरलेले सगळे पक्षी करडे रंगवले आणि ती पिल्ले असल्याचे सांगितले. पावसाळा तोंडावर आला की बहुतेक रोहित निघून जातात, त्यामुळे थोरलीने दिनदर्शिकेवर पुढची वद्य द्वादशी शोधून तिच्याभोवती गोल केला आहे आणि या वेळी आजीलाही बरोबर न्यायचे ठरवले आहे.