वाफसा जमला, गाव अजून मुकं: आवृत्ती ०.४

मांजरा काठच्या एका काल्पनिक गावातला माझा शेतीचा गेम आवृत्ती ०.४ वर आलाय. या खेपेला रानाचं काम जवळजवळ मनासारखं झालं आणि गावाचं काम चांगलंच मागं पडलं. दोन्हींबद्दल लिहितो.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे पाण्याची झारी काढून टाकली. २०१६ साली आलेल्या स्टारड्यू व्हॅली या गेमनं शेतीच्या गेमची एक घडी बसवून दिली: २८ दिवसांचे चार ऋतू, रोज सकाळी रोपांना पाणी, ऋतू सरला की पीक गेलं. ती घडी मला मनापासून आवडते. पण लातूर-धाराशिवकडच्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला ती लावता येत नाही. ही ज्वारी पेरायची तीच पाऊस ओसरताना, आणि मग काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर तिनं चार महिने काढायचे. म्हणून गेममध्ये रानाच्या प्रत्येक चौकोनाला स्वतःची ओल आहे, ती फक्त पावसानं वाढते. उरलेला हंगाम ती राखायची, खेळाडूचं खरं काम तेच.

पेरणीआधी वाफसा, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल आहे का, ते बघावं लागतं. पात्र खाली वाकतं, मूठभर माती दाबून गोळा करतं आणि सोडून देतं. गोळा पडून तसाच चिकटून राहिला तर रान ओलं आहे, पेरणीची तिफण चिखलानं भरणार. पडून फुटला तर पेरा. मुठीत गोळाच होत नसेल तर उशीर झाला. तीन फ्रेमचं अॅनिमेशन आहे, पडद्यावर आकडा कुठंच नाही. मामांची हयात शेतीत गेली, गेम त्यांनी कधी हातात धरलेला नाही. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "खालच्या तुकड्यात घाई करू नको, तिथं वल जास्त हाय." उताराचा हिशेब मी कोडमध्ये ठेवलाय, खेळाडूला कुठंही सांगितलेला नाही. त्यांनी तो मातीच्या रंगावरून ओळखला. मला या आवृत्तीत याहून मोठी पावती नको.

कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं, तीही चांगली उतरली आहे. पेरणीपासून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपायचं, त्यातली शेवटची दातेरी कोळप्यानं, कारण तोवर काळी जमीन उलायला लागते आणि भेगांतून ओल उडून जाते. गेममध्ये भेग आधी एक पिक्सेल रुंद दिसते, दुर्लक्ष केलं की दोन. कोळपं फिरलं की बुजते. काम साधं आहे, पण त्या भेगा बुजवताना हाताला जे समाधान मिळतं ते झारीत कधी मिळालं नव्हतं.

ऋतूंच्या जागी पावसाळ्यात नक्षत्रं आली, मृगापासून स्वातीपर्यंत. नक्षत्र बदललं की पंचांगातलं वाहन दिसतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पावसाची शक्यता वाढते, खात्री मात्र मिळत नाही.

तांत्रिक बाजूला एक गोष्ट नोंदवून ठेवतो, मराठीत गेम करणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल. संवाद एकेक अक्षर करत उमटवला की 'ज्वारी' आधी 'ज', मग 'ज्', मग 'ज्व' अशी तुटत-जुळत येत होती, डोळ्यांना त्रास व्हायचा. गोडो ४ मध्ये (ज्या इंजिनवर हा गेम बनतोय) जोडाक्षरं नीट जुळतात, पण अक्षरं लपवायची ती आकार जुळण्याआधी की नंतर, ही सेटिंग वेगळी आहे. 'नंतर'वर ठेवली की प्रश्न मिटतो.

आता उणिवा. गावातली माणसं मुकी आहेत. प्रत्येकाकडं दोन-चार वाक्यं, तीच पुन्हा पुन्हा. भर कोळपणीत भेटा नाहीतर सुगीत, शेजारीण विचारते तेच, "पाऊस काय म्हणतोय?" पेरणी ते हुरडा या मधल्या काळात रानात काम कमी असतं, तेव्हा खेळाडूला गावात जावंसं वाटलं पाहिजे. सध्या तो झोपून दिवस ढकलतो. निवांतपणा आणि रिकामपणा यांत फरक आहे आणि माझा गेम अजून दुसऱ्या बाजूला आहे.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण, तोही अर्धवट आहे. कडब्याची कोप (खोपटी) उभी राहते, पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुन्याचा रंग लागतो, भज्जी, आंबिल, उंडे सगळं काढलंय. आंबिलाच्या बिंदग्यावर (भांड्यावर) तर मी फार जीव ओतला. पण पाहुणे ठरल्या वेळी उगवतात आणि ठरल्या वेळी नाहीसे होतात. येळवस म्हणजे ज्यांना रान नाही त्यांनाही आग्रहानं बोलावणं. ते बोलावणंच गेममध्ये नाही, म्हणजे सणाचा गाभाच नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न कमी पावसाच्या सालाचा. कोझी, म्हणजे निवांत खेळायच्या गेममध्ये दुष्काळ नको, असं चाचणी घेणाऱ्या काही मित्रांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. दरसाल सारखा पाऊस पडणारा मराठवाडा मला दाखवायचाच नाही. कर्जाचा काटा, मरणारी जनावरं हे गेममध्ये कधीच येणार नाही, हे पक्कं. पण वाईट साल आलं तर कडब्याचा भाव चढावा, कुणीतरी बियाणं उसनं द्यावं, आपली देवणी गाय शेजाऱ्याच्या गोठ्यात चार दिवस राहावी. आज वाईट सालात फक्त रान मोकळं दिसतं आणि करायला काही उरत नाही. गावाचं काम मागं पडल्याची किंमत तिथं सगळ्यात जास्त जाणवते.

म्हणून ०.५ मध्ये नवं पीक नाही. तूर, करडई थांबतील, मोसंबीची बागही थांबेल. आधी उसनवारी आणि येळवसचं बोलावणं, मग बारव, जी सध्या नुसती चित्र म्हणून उभी आहे. जुन्या सेव्ह फाइल नव्या आवृत्तीत चालणार नाहीत, कारण माणसांची सगळी माहिती नव्यानं मांडावी लागेल. ज्यांचं तिसरं साल चालू आहे त्यांनी सुगी उरकून घ्या. आणि कमी पावसाच्या सालात तुम्ही गावात नेमकं कुणाकडं गेलात, तेवढं मला कळवा. ती यादी हातात आली की संवाद लिहायला बसतो.