राखाडी ठिपका

"त्या जुन्या गेममधल्या बंद खोलीत असं काय होतं, की चार रात्री जागलात?" मेव्हणा विचारतो, ऑफिसातली पोरं विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

गेमचं नाव 'ॲडव्हेंचर'. टीव्हीला जोडून गेम खेळायच्या अटारी २६०० या मशीनसाठी वॉरन रॉबिनेटनं एकट्यानं केलेला, १९८० साली बाजारात आलेला. तीन किल्ले, तीन ड्रॅगन, वस्तू पळवणारं एक वटवाघूळ, हरवलेला एक पेला. खेळणारा म्हणजे नुसता चौकोन. हे सगळं ४ किलोबाइटांत बसवलेलं. मी तो जालन्यात, घरी, लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, टाकून खेळलो. काळ्या किल्ल्यात न दिसणारा ठिपका आहे, एवढंच ऐकलं होतं. व्हिडिओ बघायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं.

काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात एक कप्पा असा आहे, की त्याला वाटच नाही. गेममध्ये पूलही उचलता येणारी वस्तू; तो उचलून आणायचा, भिंतीवर टाकायचा आणि त्यातून आत शिरायचं. आत सगळं मोकळं. दोन रात्री मी तो रिकामा समजून परत फिरलो. तिसऱ्या रात्री भिंतीला घासत घासत सरकलो आणि वस्तू उचलल्याचा आवाज आला! ठिपका एका पिक्सेलचा, जमिनीच्याच राखाडी रंगाचा.

आता हा न्यायचा कुठं? सोनेरी किल्ल्याखालच्या वाटेला पूर्वेच्या टोकाला एक बारीक उभी रेघ आहे. मला ती भिंतीपेक्षा वस्तूसारखी वाटत आली होती. चौथ्या रात्री ठिपका तिथं नेऊन ठेवला. काही नाही. मग तलवार आणली, किल्ली आणली, तशी रेघ लुकलुकायला लागली. या गेममध्ये एका वेळी दोनच वस्तू पडद्यावर नीट दाखवता येतात. जास्त झाल्या की आलटून पालटून दिसतात. ती रेघही तशीच लुकलुकत होती. मशीनच्या दुबळेपणातून माणसानं दार काढलं होतं. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

रेघ ओलांडली. आत एकच ओळ, रंग बदलत राहणारी: हे वॉरन रॉबिनेटनं बनवलं.

अटारी कंपनी तेव्हा गेम करणाऱ्याचं नाव कुठं देत नसे. म्हणून त्यानं कुणाला न सांगता ही खोली गेममध्ये दडवली. ती लोकांना सापडली तोवर तो कंपनी सोडून गेला होता.

आमच्याकडं वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूटांच्या कृष्णराजानं करवलं, हे शाळेतली पोरंही सांगतात. डोंगर वरून खाली फोडत नेणाऱ्या हातांपैकी एकाचंही नाव मला कुणी सांगितलेलं नाही.

माझे वडील गवंडी. घर उभं राहिलं की कठड्याच्या ओल्या सिमेंटात थापीच्या टोकानं मालकानं सांगितलेलं नाव कोरायचे आणि खाली साल. त्या चौथ्या रात्री झोप येईना म्हणून ते खाटेवर बसून होते.

"काय लिव्हलंय रे? मालकाचं नाव का?"

"नाही दादा, बांधणाऱ्याचं."

ते उठले, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

"पुन्हा दाव बरं. पहिल्यापासून."